पाहणाऱ्यांची यादी

चारूनं आचारसंहितेचा मसुदा लिहिला आणि तो उत्तम झाला, या दोन्ही गोष्टी तनुजा ढोबळेला एकाच वाक्यात कळल्या. यातली कुठलीही एक गोष्ट तिनं पचवली असती. चारूनं लिहिलेला मसुदा टाकाऊ निघाला असता, तर तनुजानं तिला जवळ बसवून, चहा पाजून, चुका समजावून सांगितल्या असत्या. मसुदा उत्तम पण लिहिणारं दुसरं कुणी असतं, तर ती दोन दिवस कुरकुरली असती आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागली असती. पण संचालक खंडाईत साहेब भर बैठकीत म्हणाले, "मोहगावकर मॅडमनी कमाल केली. नऊ वर्षं आपण ज्याची नुसती चर्चा करत होतो ते बावीस पानांत बसवलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तनुजानंही वाजवल्या, आणि तिच्या पोटात दुखायला लागलं.

तनुजा आणि चारुशीला मोहगावकर नागपूरच्या गणना संचालनालयात एकाच दिवशी, एकाच आदेशावर रुजू झाल्या होत्या. त्याला एकोणीस वर्षं झाली होती. एकोणीस वर्षं दोघींनी एकाच टेबलावर डबा खाल्ला. चारू आता पद्धती शाखेची प्रमुख होती, म्हणजे आकडा कसा काढायचा ते ठरवणारी. तनुजा समन्वय शाखेची प्रमुख होती, म्हणजे तो कागद कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर जाईल ते ठरवणारी. दोघींचा पगार सारखा आणि खुर्चीही सारखीच. पण चारू खोलीत आली की लोक बोलायचे थांबत, आणि तनुजा आली की लोक फाइल पुढे करत.

खरी मेख वेगळीच होती. नऊ वर्षांपूर्वी, २०३१ साली, 'अधिकृत आकडेवारीला आचारसंहिता हवी' असं बारा पानी टिपण तनुजानंच लिहिलं होतं. तेव्हाच्या साहेबांनी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारून ते कपाटात टाकलं. चारूनं ते शोधून काढलं आणि मसुद्याच्या दुसऱ्याच पानावर लिहिलं : 'या मसुद्याचा पाया श्रीमती त. ढोबळे यांच्या टिपणाने घातला आहे.' चारूनं चोरी केली असती तर निदान भांडता आलं असतं. आभार मानणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

आचारसंहिता म्हटलं की आपल्याकडे लोक विचारतात, निवडणूक लागली का. ही तसली नव्हती. सरकारच्या आकड्यांनी कसं वागायचं याचे हे नियम होते. आकडा कोणत्या दिवशी, किती वाजता जाहीर होणार ते आधी सांगायचं. त्या वेळेआधी मंत्र्यापासून शिपायापर्यंत कुणीही तो पाहायचा नाही. मोजदाद करण्यासाठी गोळा केलेली माहिती माणसं हुडकायला वापरायची नाही. हजारापेक्षा कमी वस्तीचा आकडा कुणालाही द्यायचा नाही. इतकी वर्षं हे सगळं केवळ शिष्टाचार म्हणून पाळलं जायचं किंवा पाळलं जायचं नाही, आणि फारसं कुणाचं बिघडत नव्हतं. मग नाडी आली.

नाडी म्हणजे शहराच्या गटारांत बसवलेलं यंत्रांचं जाळं. प्रत्येक चेंबरच्या झाकणाखाली काडेपेटीएवढी एक पेटी. तिच्यात केसासारख्या बारीक पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीवर असा एक लेप की पाण्यातला एकच ठरावीक रेणू त्याला चिकटावा. माणूस जे खातो, पितो, गिळतो त्याचा काही अंश लघवीवाटे बाहेर पडतोच. पट्टीला रेणू चिकटला की तिच्यातून वाहणारी वीज किंचित बदलते, आणि दर पंधरा मिनिटांनी पेटी तो बदल वर कळवते. किती पाणी वाहिलं आणि त्यात काय किती होतं, हे कळलं की वस्तीत किती माणसं रक्तदाबाच्या गोळ्या घेतात, किती दारू पितात, कुठे साथ डोकं वर काढते आहे, ते आठवडाभर आधी समजतं. सर्वेक्षणाला आलेल्या माणसाला आपण सांगू शकतो की मी दारूला शिवत नाही. गटाराला तसं काही सांगता येत नाही.

सुरुवातीला नाडीला वीस हजार वस्तीच्या प्रभागाखाली काही दिसत नसे. दोन वर्षांपूर्वी नव्या पट्ट्या आल्या, शंभरपट तीक्ष्ण. आता तिला गल्ली दिसायला लागली. नऊ घरांची, अकरा घरांची गल्ली. आणि ते आकडे कुणी पाहावेत, कुणाला द्यावेत, याचा एकही नियम नव्हता. चारूची बावीस पानं त्यासाठी होती, आणि ती तनुजाच्या टेबलावर आली होती.

तनुजानं मसुदा दोनदा वाचला. चूक सापडेना. तेव्हा तिनं समन्वय शाखेचं ब्रह्मास्त्र काढलं. फाइलवर स्वच्छ अक्षरात शेरा लिहिला : 'सदर संहिता सर्व जिल्ह्यांना लागू होणार असल्याने सर्व छत्तीस जिल्हा कार्यालयांचे अभिप्राय मागवून प्रस्ताव फेरसादर करावा.' या शेऱ्यात दोष काढायला जागा नसते. कार्यालयात याला फाइल तीर्थाटनाला पाठवणं म्हणतात. गेलेली फाइल परत येतेच असं नाही, आणि आली तर पाठवणारा बहुधा निवृत्त झालेला असतो.

दुपारी डबा उघडताना चारू म्हणाली, "मी घाईच केली असती बघ, तनू. तू बरं केलं. जिल्ह्यातल्या लोकांना विचारल्याशिवाय नियम लादणं बरं नाही ना."

"म्हणूनच तं," तनुजा म्हणाली आणि गोळाभाताचा घास घशाखाली ढकलला. चारूला राग यायला हवा होता. तिला राग आला असता तर तनुजाला जरा बरं वाटलं असतं.

चार महिन्यांत छत्तीसपैकी अकरा जिल्ह्यांनी उत्तरं पाठवली. तनुजानं ती न उघडताच फाइलला लावली. त्याच दिवसांत गजानन पौनीकर नावाचा एक माणूस कार्यालयात आला. पन्नाशीचा, पांढरा स्वच्छ सदरा, हातात मोबाइल. मोबाइलमध्ये एका नकाशाचा फोटो होता आणि नकाशात एक गल्ली लाल रंगवलेली होती.

"मॅडम, आमची अठरा घरं हायेत," तो म्हणाला. "लोकं आता टीबीची गल्ली म्हनून राह्यले आमाले. माही चहाची टपरी हाये कोपऱ्यावर. पंधरा दिवस झाले, माह्या हातचा चहा कोनी घेऊन नाही राह्यलं. कोनाले हाये टीबी, ते तं सांगा. आमी त्याले दवाखान्यात नेऊ."

नकाशा कुठल्याशा पुढाऱ्याच्या कार्यालयानं मागवला होता आणि संचालनालयातून तो दिला गेला होता. देऊ नये असा नियमच नव्हता. तनुजा म्हणाली, "अर्ज द्या, चौकशी करू." तेवढ्यात चारू तिच्या खोलीतून बाहेर आली, पौनीकरांना आत घेऊन गेली, त्यांना बसवलं आणि पाणी दिलं.

"काका, यंत्राला आजार नाही दिसला," ती सांगत होती. "औषध दिसलं. तुमच्या गल्लीत कुणीतरी टीबीच्या गोळ्या नेमानं घेऊन राहिलं आहे. नेमानं औषध घेणाऱ्यापासून थोड्याच दिवसांत कुणाला धोका राहत नाही. ज्या गल्लीत गोळ्या दिसत नाहीत, घाबरायचं तर तिथं घाबरायला हवं."

"मंग हे आमच्या लोकायले लिहून द्या ना जी."

चारूनं संचालनालयाच्या शिक्क्यानिशी लिहून दिलं. वरून तीन दिवस रोज सकाळी पौनीकरांच्या टपरीवर जाऊन तिनं उभ्यानं चहा प्याला, सगळ्यांना दिसेल असा. चौथ्या दिवशी पौनीकर पुन्हा आला, चारूपुढे हात जोडून उभा राहिला आणि रडला.

तनुजानं हे काचेतून पाहिलं. माणूस म्हणून तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. आचारसंहिता लागू असती तर ही वेळ आली नसती, हे तिला कळत होतं, आणि ती लागू का नाही हेही तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण या सगळ्यावर एक विचार तरंगत राहिला : माझ्यापुढे कुणी असे हात जोडले नाहीत. दुपारी चारू म्हणाली, "तनू, त्या जिल्ह्यांना जरा फोन कर ना गं. फार उशीर होऊन राहिला." तनुजा म्हणाली, "करते ना," आणि तिनं केला नाही.

सरकारी रीतीप्रमाणे संहितेच्या आधी पद आलं. 'आकडेवारी दक्षता आयुक्त' असं नवं पद मंजूर झालं. संहिता पाळली जाते की नाही हे पाहणं हे त्याचं काम. संहिताच नाही तर पाळायचं काय, हे कुणी विचारलं नाही. कार्यालयात सगळे धरूनच चालले की चारू आयुक्त होणार. शिपायांनी तर हार कुठून आणायचा तेही ठरवलं.

त्या आठवड्यात चारू चार दिवस मुंबईला दौऱ्यावर होती. दौऱ्याचा अर्ज तनुजानंच मंजूर केला होता. बुधवारी दुपारी एकटीनं डबा खाऊन झाल्यावर ती संगणकापुढे बसली. आपण काय करणार आहोत हे तिला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. तिनं नाडी उघडली आणि चारूच्या गल्लीचं नाव टाकलं : घाटे ले-आउट, नऊ घरं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही आपल्याकडची जुनी खोड. फक्त पूर्वी वाकल्यावर इतकं खोलवरचं दिसत नसे.

नऊ घरांत मधुमेह होता, थायरॉइड होता, कुणीतरी रोज दोन पेग घेणारा होता. तनुजानं भराभर पानं उलटली. मग एका ओळीवर ती थांबली. लिथियम.

लिथियम हे साधं मूलद्रव्य. नळाच्या पाण्यातही ते किंचित असतं. पण घाटे ले-आउटच्या पाण्यात ते शहराच्या मानानं दहापट होतं. लिथियमच्या गोळ्या मनाच्या एका आजारावर देतात, ज्यात माणूस कधी उंच उडतो आणि कधी खोल बुडतो. गोळी नियमित घेतली तर तो वर्षानुवर्षं अगदी नीट राहतो. शरीर लिथियम मोडत नाही, जसं गेलं तसंच ते बाहेर टाकतं. त्यामुळे गणित सोपं होतं. नऊ घरांचं दिवसाचं पाणी सुमारे पाच हजार लिटर, त्यात इतकं जादा लिथियम, म्हणजे दिवसाला तीन गोळ्या. म्हणजे एकच माणूस.

आणि गेल्या सोमवारपासून ती ओळ एकदम खाली आली होती. शहरभर असते तितकीच, जादा काही नाही. चारू रविवारी रात्रीच्या विमानानं गेली होती.

तनुजानं चारूची मागच्या वर्षभराची दौऱ्यांची आणि रजांची नोंद काढली. मार्चमध्ये दिल्लीचं चर्चासत्र, चार दिवस : ओळ खाली. दिवाळीत भंडाऱ्याला माहेरी, पाच दिवस : ओळ खाली. तीनदा जुळलं. एकोणीस वर्षं आकड्यांत घालवलेल्या बाईला आणखी पुरावा लागत नाही.

खोटं कशाला सांगा, तिला आनंद झाला. शाळेत पहिल्या येणाऱ्या मुलीच्या वहीत शाई सांडलेली पाहून होतो तसा. लगेच त्या आनंदाची शरम वाटली आणि शरमेच्या खालून आनंद परत वर आला. मग तिला दर तीन महिन्यांनी चारू जी अर्धी रजा घ्यायची ती आठवली. रक्त तपासायला जात असणार. इतकी वर्षं ही बाई हे घेऊन वावरते, हसते, कुणाला पत्ता लागू देत नाही, बावीस पानं बिनचूक लिहिते! तनुजाला आता त्याचाही हेवा वाटायला लागला. दुखणंसुद्धा हिनं किती नीटनेटकं सांभाळलंय.

त्या दिवसानंतर रोज सकाळी ती घाटे ले-आउट पाहायला लागली. लोक राशिभविष्य पाहतात तसं. ओळ वर असली की चारू गोळ्या घेते आहे. ओळ कधी चुकते का, याची ती वाट पाहत होती. ओळ एकदाही चुकली नाही.

दहा दिवसांनी खंडाईत साहेबांनी तिला बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं.

"ढोबळे मॅडम, तुम्ही दोघी जवळच्या," ते म्हणाले. "म्हणून विचारतो. आयुक्तपदाचा ताण मोहगावकर मॅडमना झेपेल ना? मंत्र्यांना नाही म्हणायचं पद आहे हे."

उत्तर एका शब्दाचं होतं. झेपेल. तनुजाच्या जिभेवर ते आलंही होतं.

"हुशारीचा प्रश्नच नाही, सर," ती म्हणाली. "तब्येतीचं तेवढं पाहावं लागेल. रोजच्या गोळ्या आहेत तिच्या. डोक्याच्या. पण मी सांगितलं असं नको."

साहेबांनी हळहळून मान हलवली. पुढच्या महिन्यात आदेश निघाला : आकडेवारी दक्षता आयुक्त, श्रीमती तनुजा ढोबळे.

शिपायांनी हार आणला तो तिच्या गळ्यात पडला. सगळ्यात आधी चारू आली, संत्रा बर्फीचा डबा घेऊन. तिनं तनुजाला घट्ट मिठी मारली. "शेवटी टिपण तुझंच होतं गं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते कसलं होतं याचा शोध घ्यायची तनुजाची हिंमत झाली नाही. बर्फीचा तुकडा बराच वेळ तिच्या तोंडात घोळत राहिला. त्या दिवसापासून तिनं घाटे ले-आउट उघडलं नाही.

आता मात्र तनुजालाच घाई सुटली. संहितेशिवाय आयुक्त म्हणजे गावाशिवाय पाटील. तिनं उरलेल्या पंचवीस जिल्ह्यांना स्वतः फोन केले, दटावलं, विनवलं. तीन आठवड्यांत सगळी उत्तरं हजर. जे काम वर्षभर होत नव्हतं ते तीन आठवड्यांत होतं, हे पाहून चारू कौतुकानं म्हणाली, "बघ, तू मनावर घेतलं तं कसं झालं." तिनं अभिप्राय वाचून मसुद्यात चार-पाच सुधारणा केल्या. तनुजानं अंतिम प्रत वाचलीच नाही. चारूचं लिखाण पुन्हा वाचणं तिला सोसवत नव्हतं. तिनं सही केली, मंत्रिमंडळानं मान्यता दिली, आणि सोमवारी संहिता लागू झाली. पहिलं प्रकाशन बुधवारी सकाळी अकरा वाजता, असं संकेतस्थळावर आधीच झळकलं.

पहिलं प्रकाशन कशाचं, हे तनुजानं मंगळवारी संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी पाहिलं.

कलम अकरा. हे जुन्या मसुद्यात नव्हतं. एका कोपऱ्यातल्या जिल्ह्याच्या संशोधन अधिकाऱ्यानं, ज्याचं नाव तनुजानं कधी ऐकलं नव्हतं, तीर्थाटनाला आलेली फाइल मनापासून वाचली होती. त्यानं लिहिलं होतं : 'नियम येण्याआधी वर्षभर जे पाहिले गेले त्याचे काय? लहान वस्त्यांचे आकडे ज्यांनी पाहिले त्यांची यादी पहिल्याच दिवशी जाहीर व्हावी. नाव, किती वेळा, आणि कारण. वस्तीचे नाव झाकावे, पाहणाऱ्याचे झाकू नये. कारण ज्याचे त्याने स्वतः लिहावे. कार्यालयीन कारणाशिवाय पाहणाऱ्याने दक्षतेच्या कोणत्याही पदावर राहू नये.' चारूला ते पटलं होतं आणि तिनं ते जसंच्या तसं घेतलं होतं. तनुजानं चारूला अडवण्यासाठी फाइल छत्तीस जिल्ह्यांत फिरवली नसती, तर हे कलम जन्मालाच आलं नसतं.

यादी यंत्रानंच काढली होती, जास्त वेळा पाहणारा वर. पहिली ओळ : ढोबळे त., एक लहान वस्ती, सत्तावीस वेळा. त्याखाली चौदा नावं, खंडाईत साहेबांचंही. त्या चौदाही जणांनी कारणाच्या रकान्यात 'कार्यालयीन कामकाज' लिहून टाकलं होतं. फक्त पहिल्या ओळीतला रकाना रिकामा होता; कारण भरण्याची सूचना तनुजालाही आली होती, तिनं ती उघडलीच नव्हती.

बुधवारी सकाळी तनुजा साडेनवालाच खुर्चीत येऊन बसली. 'कार्यालयीन कामकाज' लिहिलं की सुटली. पण सत्तावीस वेळा, आणि तीही एकच वस्ती? कुणीतरी विचारणारच. त्यापेक्षा यादीच थांबवावी. वर्षानुवर्षांच्या सवयीनं शेरा आपोआप उमटला : 'कलम ११ च्या पूर्वलक्षी प्रभावाबाबत विधी शाखेचे अभिप्राय घेऊन मगच यादी प्रसिद्ध करावी.' निर्दोष शेरा. वर्ष तरी सहज निघालं असतं. सही करायची तेवढी राहिली होती.

दार वाजलं. चारू आत आली. बसली नाही.

"यादी मी तपासली," ती म्हणाली.

"कधी?"

"गुरुवारी. पद्धती शाखेनं तपासल्याशिवाय काही प्रसिद्ध होत नाही. तपासायला पूर्ण यादी लागते, वस्त्यांच्या नावांसकट."

गुरुवारी. म्हणजे शुक्रवारी दोघी एकत्र जेवल्या तेव्हा हिला माहीत होतं. सोमवारी हिनं आपल्या डब्यातली सांबारवडी वाढली तेव्हाही माहीत होतं, आणि कालही.

"तू काही बोलली नाही," तनुजा म्हणाली.

"वाट पाहून राहिले होते. तू बोलशील म्हणून." चारूचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त जरा कोरडा. "साहेब मला दोन महिन्यांपासून रोज तब्येत विचारून राहिले. मला वाटलं, माणूस सुधारला."

"चारू, मी..."

"मला विचारायचं होतं ना, तनू. मी सांगितलं असतं. एकोणीस वर्षांत तू एकदाही विचारलं नाही की मी दर तीन महिन्यांनी अर्धी रजा कशासाठी घेते. मी घरी सांगायची, तनुजा फार समजूतदार आहे. तिला कळत असणार, पण ती मुद्दाम विचारत नाही."

तनुजानं मान खाली घातली. समोरच्या पडद्यावर शेरा तसाच होता आणि चारूनं तो वाचला होता.

"हा शेरा तू घातला तं मी कुणाकडे जाणार नाही," चारू म्हणाली. "भांडणार नाही. पण हा तू याआधीही घातला आहेस, नाही का? छत्तीस जिल्हे. ते मला गुरुवारी, यादी पाहिल्यावर उमगलं. आणि पौनीकर काकांची टपरी आठवली."

तनुजाला काहीतरी बोलायचं होतं. सांगायचं होतं की तुझी ओळ एकदाही चुकली नाही, मी रोज पाहत होते. हे सांगण्याजोगं नाही, एवढं तिला कळलं.

"का पाहिलं सत्तावीस वेळा?" चारूनं विचारलं. उत्तराची वाट न पाहता ती पुढे म्हणाली, "राहू दे. मला नको सांगू. तिथं रकाना आहे."

ती गेली. दार हळूच लावून गेली. त्याही क्षणी तनुजाच्या मनात आलं की इतकं सगळं झाल्यावर अशा ताठ मानेनं, आवाज न चढवता खोलीबाहेर पडणं मला कधी जमलं नसतं. इतकी वर्षं तिनं या बाईला पाण्यात पाहिलं होतं, आणि आज सगळं उघड्यावर आलं तरी मन तेच करत होतं. आयुक्तपद मिळालं, हार मिळाला, पाटी मिळाली, आणि चारूकडे जे होतं ते काही मिळालं नाही.

साडेदहा वाजले. तिनं शेरा पुसला. मग खंडाईत साहेबांना तीन ओळींचं पत्र लिहिलं : मोहगावकर मॅडमच्या तब्येतीबद्दल मी जे बोलले ते सांगण्याचा मला अधिकार नव्हता, ती माहिती मी लपून मिळवली होती, आणि त्यांच्या कामात गेल्या एकोणीस वर्षांत एका दिवसाचीही कसूर झालेली नाही. पत्राखाली नाव लिहिलं, पद लिहिलं नाही. पाठवून दिलं.

अकराला सहा मिनिटं कमी असताना तिनं यादी उघडली. खालच्या चौदा ओळी एकसारख्या होत्या. पहिल्या ओळीतल्या रिकाम्या रकान्यात तिनं एकच शब्द लिहिला : हेवा.

यंत्रानं विचारलं : 'हे कारण मान्य कारणांच्या सूचीत नाही. तरीही नोंदवायचे?'

तिनं 'होय' दाबलं. यादी अकराच्या ठोक्याला प्रसिद्ध झाली, एका मिनिटाचाही उशीर न होता.